त्याच्या आजीचा काढा

माझी शाळा चौथीपर्यंत. जन्म वेल्डिंगमध्ये गेला. त्यामुळे जे लिहीन ते सरळ लिहीन, गोड लागलं नाही तर नाही.

आम्ही नवराबायको म्हातारपणी मुलाकडं सिंगापूरला आलो. मुलगा तुआसच्या कारखान्यात इंजिनियर, फ्लॅट सेम्बावांग भागात. मला इथं करमेना. बायकोला आठ दिवसांत करमलं. कारण गवती चहा. इथले मलय लोक तो रश्श्यात घालतात, म्हणून भाजीवाल्याकडं ढीग पडलेला असतो. तुळस आणि अडुळसा तिनं कुंड्यांत लावले. शेजारची मलय बाई आणि ती, एकीची भाषा दुसरीला येत नव्हती, पण सकाळी दारात उभ्या राहून अर्धा तास बोलायच्या. येताना हिच्या हातात त्या बाईच्या कुंडीतलं काहीतरी असायचंच. ते काढ्यात पडायचं. माप मुठीचं. आलं बोटाच्या पेरानं मोजायची.

सकाळी ब्लॉकखाली आम्हा म्हाताऱ्यांचा व्यायाम चालायचा. ती थर्मास घेऊन यायची, सगळ्यांना देऊन उरला तर स्वतः प्यायची. तिथं एक साहेब यायचा. समोरच्या कॉन्डोतला, म्हणजे महागड्या सोसायटीतला, पुण्याचा, मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेला. पहिल्याच दिवशी तिनं कप पुढं केला तर म्हणाला, "वहिनी, हे असलं गावंढळ पाणी आम्ही पीत नाही."

माणसं हसली. तीही हसली. घरी येऊन मात्र तो एक कप तिनं तीनदा घासला.

पुढं त्याचाच खोकला दोन महिने हटेना. तेव्हा त्याची बायको गुपचूप आमच्याकडं आली. हिनं तिला गॅसपाशी उभी करून काढा शिकवला. मी ओरडलो, "त्याला कशाला शिकवतेस? खोकू दे मेल्याला."

ती म्हणाली, "खोकला काय त्याचा एकट्याचा असतो? ती बिचारी रात्रभर जागते."

वर्षाच्या आत बायको गेली. पोटाचं दुखणं होतं, त्याला काढा काय करणार. कुंड्या माझ्याच्यानं सांभाळल्या गेल्या नाहीत, वाळल्या.

त्यानंतर तीन महिन्यांनी मराठी मंडळींचं ईस्ट कोस्टला, समुद्राकाठच्या बागेत जेवण होतं. मुलानं मला ओढत नेलं. तिथं साहेब कागदी कपांतून वाटत होता. "हर्बल टी! माझ्या आजीचा फॉर्म्युला. घराण्यात चालत आलाय."

माझ्याही हातात कप दिला. वासानंच मला कळलं, गवती चहा, आलं, अडुळसा. मी एक थेंबही न पिता कप गवतात उपडा केला. त्या दिवसापासून दुसरं काही सुचेना. बायको गेली ती देवानं नेली, त्याच्याशी मी भांडू शकत नव्हतो. ह्याच्याशी भांडू शकत होतो.

आमच्या हॉकर सेंटरात, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, एक चिनी म्हातारा आहे. पितळेच्या मोठ्या भांड्यातून काळाकुट्ट कडू काढा विकतो. गिऱ्हाइकाचं तोंड बघतो आणि कुठला प्यायचा ते तोच ठरवतो. मला बघून म्हणाला, "अंकल, व्हेरी हीटी लाह!" म्हणजे अंगात उष्णता फार. खरं बोलला. त्याच्याकडचा सगळ्यात कडू काढा मी तिच्या थर्मासात भरून घेतला आणि पुढच्या जेवणाला गेलो.

सगळे बसलेले बघून म्हणालो, "साहेब, बायकोनं वाळवून ठेवलेलं थोडं सामान घरात सापडलं. तुमच्या आजीच्या पद्धतीनं केलाय. जमलाय का बघा."

त्यानं घोट घेतला. कपाळावर आठी आली, ती त्यानं लगेच पुसली. "वा! हाच तो. अडुळसा जरासा जास्त झाला."

"तुळस लागते का जिभेला?"

"लागते म्हणजे काय! कृष्णतुळस आहे. माझी आजी हीच घालायची."

"साहेब, हा आमच्या हॉकरमधल्या चिनी म्हाताऱ्याचा आहे. तुमची आजी चिनी होती का?"

आधी एक पोरगी हसली, मग सगळेच. मुलगा माझा हात ओढत होता, "बाबा, बास." मी बास केलं नाही. उभं राहून सांगितलं, हर्बल टी कुणाचा, कुणी कुणाला शिकवला आणि गावंढळ पाणी कोण म्हणालं होतं. मला फार बरं वाटलं. ते मी लपवणार नाही.

दोन दिवसांनी त्याची बायको दारात. हातात बाटली. "भाऊ, मी ह्यांना तेव्हाच म्हटलं होतं, वहिनींचं नाव घ्या. ऐकलं नाही. हा मी केलाय, त्यांनी शिकवला तस्साच. घ्या."

मी प्यायलो. आलं होतं, गवती चहा होता, अडुळसा होता. पण तो तिचा नव्हता. एक चव नव्हतीच. शेजारणीच्या कुंडीतली.

"तसाच झालाय ना?" बाईंनी विचारलं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

"अगदी तस्साच," मी म्हणालो.

त्या गेल्यावर मी दार लावलं आणि हसलो, मग रडलो. मी महिनोन्महिने जळत बसलो होतो आणि हिनं सूड माझ्याआधीच घेऊन ठेवला होता. खोकला थांबेल एवढं दिलं. बाकीचं हातचं राखलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मलय बाईच्या दारात जाऊन मी कुंडीकडं बोट दाखवलं. तिनं काही न विचारता काढून दिलं. आता रोज देते. माझ्या काढ्यात आलं अजून जास्त पडतं, पण चव येत चाललीये.

कुंडीत काय आहे ते इथं लिहीत नाही. साहेब वाचेल.