उजव्या कोपराचं करंजेल

सोरायसिस हा शब्द मला धड म्हणता यायच्या आधी वीस-बावीस वर्षं तो माझ्या अंगावर नांदत होता. आम्ही त्याला नुसतं 'कातडीचं' म्हणायचो. दोन्ही कोपरांवर लाल चट्टे आणि त्यावर माशाच्या खवल्यासारखे पांढरे पापुद्रे. घरातली उठायच्या आत मी माझी चादर मागीलदारी झाडून यायची. ब्लाऊजच्या बाह्या कोपराच्या खाली चार बोटं, हे शिंप्याला सांगावंसुद्धा लागत नसे.

गेल्या वर्षी कोल्हापूरच्या एका दवाखान्यात नव्या मलमाची चाचणी चाललीय असं कळलं. हातखंब्याला एसटी धरली आणि गेले. तिथली डॉक्टर माझ्या नातीच्या वयाची. तिने पुढ्यात पानंच्या पानं ठेवली आणि म्हणाली, "आजी, सही करायच्या आधी वाचून दाखवू?"

"मी वाचते की," म्हटलं. चौथीत शाळा सुटली, पण भज्यांच्या पुडीचा कागद वाचल्याशिवाय मी टाकत नाही. दोन तास वाचत बसले. जिथे अडले तिथे तिला हाक मारली. शेवटी ती तिचा चहा माझ्याच बाकावर घेऊन आली.

प्रकार असा होता. मला दोन नळ्या द्यायच्या, एक डाव्या कोपराची, एक उजव्याची. एकीत औषध, दुसरीत नुसतं मलम, औषधाशिवाय. कुठली कुठे ते मला माहीत नाही आणि तिलाही नाही.

"तुला पण नाय? मग तू डॉक्टर कसली गो?"

ती एवढी हसली की चहा सांडला. म्हणाली, "मला कळलं तर औषधाचं कोपर मी लाडाने बघीन ना, आजी."

मला हे फारच आवडलं. मग विचारलं, हे औषध सुचलं कोणाला? ती म्हणाली, पूर्वी सगळ्यांना वाटायचं की बिघाड कातडीतच आहे. मग दुसऱ्याच दुखण्यासाठी दिलेल्या एका औषधाने काही माणसांची कातडी निवळली आणि डॉक्टरांचे डोळे उघडले. अंगातले पहारेकरी चोर नसताना आपल्याच घरावर काठ्या चालवतात, कातडी घाबरून भराभरा वाढते. त्या पहारेकऱ्यांना कोण चिथावतं ते प्रयोगशाळेत शोधायचं, त्याला आवरणारं काही बनवायचं, काचेच्या बशीत बघायचं, जनावरावर बघायचं, मग थोड्या निरोगी माणसांवर. "आणि मग तुमच्यावर," ती म्हणाली. म्हणजे केवढी लांब रांग, आणि तिच्या शेवटाला माझी दोन कोपरं!

अट एकच. या नळ्यांखेरीज कोपरांना दुसरं काही लावायचं नाही. मी मान डोलावली.

महिन्याभरात डावं कोपर मऊ पडलं. उजवं होतं तसंच, भेगाळलेलं. माझी थोरली जाऊ ओटीवर माझ्या शेजारी बसते, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. म्हणाली, "काय गो, एका हाताला पंगतीत बसवलंस नि दुसऱ्याला उपाशी ठेवलंस? तुझाच ना तो पण?" आणि करंजेलाची बाटली माझ्यापुढे सरकवली. करंजाच्या बियांचं कडू तेल. उग्र वासाचं, पण आमच्याकडे खरजेपासून गुरांच्या जखमेपर्यंत सगळ्याला तेच.

नळीतलं तर मी लावतेच आहे, वरून चार थेंब तेल लावलं तर काय झालं, असं मनाशी म्हटलं आणि रोज आंघोळीनंतर लावायला लागले. पंधरा दिवसांत उजवं कोपरही निवळलं. कोल्हापूरला जायच्या दिवशी मात्र ते साबणाने दोनदा घासलं. म्हणजे मनाला ठाऊक होतंच, नाय का?

डॉक्टरने आधी डावं तपासलं, मग उजवं. जाडी, लाली, पापुद्रे, प्रत्येकाला आकडा दिला. आणि दोन्हीकडचे आकडे परत ताडून बघितले.

"काय झालं, बाय?"

"काही नाही. दोन्ही सारखीच उतरलीयत."

"मग चांगलंच की."

"तुमच्यासाठी चांगलंच, आजी."

मला राहवेना. "आणि दोन्ही सारखी निघाली तर तुम्ही लोक लिहिता काय?"

"औषधाचं कोपर नुसत्या मलमाच्या कोपरापेक्षा बरं व्हायला हवं. नाही झालं तर औषधात दम नाही, असं लिहायचं."

उजव्याला मी चोरून जेवू घातलं आणि खोटं पडत होतं ते डाव्याचं औषध! एवढी लांब रांग पार करून आलेलं. सांगावं तर यादीतून माझं नाव निघणार, नळी जाणार, आणि इतक्या वर्षांनी मऊ झालेलं डावं कोपर परत खवल्यांनी भरणार. मी बाही खाली ओढली, परत वर केली. ती तोवर पेन उघडून लिहायला वाकली होती.

"थांब गो, लिहू नको," म्हटलं. "उजव्याला करंजेल लावलंय मी. पंधरा दिवस."

तिने पेन खाली ठेवलं. रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिने विचारलं कधीपासून, दिवसातून किती वेळा, किती थेंब, तेल कुठलं. सगळं लिहून घेतलं. आपल्या मोठ्या डॉक्टरांना फोन केला. मग म्हणाली, "आजी, जे झालं ते तसंच नोंदीत राहील, करंजेलासकट. पण पुढे नळ्या देता येणार नाहीत."

मी पिशवीतून दोन्ही नळ्या काढून दिल्या. किती मलम संपलंय ते बघायला तिने त्यांचं काट्यावर वजन केलं.

"डावीत औषध होतं का, ते तरी सांगशील?"

"मलाच माहीत नाही, खरंच. सगळ्यांची चाचणी संपली की कुठल्या नळीत काय ते लिहिलेलं पाकीट उघडतील, तेव्हा कळवीन. आता महिनाभर दोन्हीला काही लावू नका. मग नेहमीचं मलम सुरू करू." दारापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "काहीच लावायचं नाही हं, आजी."

घरी आल्यावर जावेने बाटली पुढे केलीच. "नको," म्हटलं. "आता दोघंही उपाशी."

"बरी आहेस ना गो तू?" ती म्हणाली.

आज अठरावा दिवस. रोज सकाळी उजेडाला बसून चष्मा लावून दोन्ही कोपरं आरशात बघते आणि कॅलेंडरवर लिहिते. डाव्यावर अजून काही नाही. उजव्यावर तांदळाच्या कणीएवढा एक पांढरा ठिपका आलाय. जावेलाही बोलावून दाखवला, मला उगाच तसं वाटत असेल म्हणून. ती म्हणाली, आहे.