भोंग्याची गाडी आणि बायकोची पोटरी

भोंग्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागतं. तोंड मोठं, गाडीचा आवाज त्याहून मोठा, म्हणून भोंगा. धंदा सायलेन्सर दुरुस्तीचा. मोटारसायकलचा पाइप तापून पाय भाजू नये म्हणून त्यावर जाड पट्टी गुंडाळावी तर त्यानेच, आणि वर फुकटचा उपदेशही त्यानेच करावा: "नवी पट्टी धूर काढणार. आधी लांब चक्कर मारा, धूर संपला की मगच घरी जा."

स्वतःच्या पाइपावरची, पाय भाजू नये म्हणून बसवलेली जाळी मात्र या शहाण्याने काढून फेकली होती. का, तर गाडीचं रूप झाकलं जातं! व्हायचं तेच झालं. उतरताना बायकोची पोटरी पाइपाला टेकली आणि टम्म फोड आला. ती कळवळत असताना हा म्हणाला, "छे, एवढंसं तर आहे!"

त्या दिवसापासून बाईसाहेब बसने जायला लागल्या. अट एकच. "पाइपावर तळहात ठेवून बघेन. भाजलं नाही तर बसेन."

थोडे दिवस भोंग्याने ऐट मिरवली. मग त्याला करमेना. मागून "हळू चालवा, मेले मी!" असं कोणी ओरडत नसेल, तर गाडी पळवण्यात कसली मजा? तिच्यावर त्याचा जीव होता, पण ते कबूल करायला एवढं मोठं तोंडही कमी पडायचं.

एका दुपारी त्याने गुपचूप स्वतःच्या पाइपाला पट्टी गुंडाळली आणि कधी एकदा तिला दाखवतो असं होऊन थेट घर गाठलं. लांब चक्कर गिऱ्हाइकांसाठी! दारात गाडी उभी राहिली आणि धुराचा लोट सीटपर्यंत चढला. लेकीकडे राहायला आलेल्या सासूबाई बाहेरच कपडे धूत होत्या. "अगं, जावई पेटले!" म्हणत त्यांनी साबणाच्या पाण्याची अख्खी बादली गाडीवर रिकामी केली. इंजिन फुरफुरलं आणि बंद पडलं.

बायको बाहेर आली. वाकून तिने भिजलेल्या पट्टीवर तळहात ठेवला. गार! ती ऐटीत पुढच्या सीटवर बसली.

"चला."

"अगं, चालू होत नाहीये."

"चालू गाडीची अट कुठे होती? हँडल मी धरते, तुम्ही मागून ढकला."

भोंगा ढकलत निघाला. सगळी गल्ली दात काढत होती. कोपऱ्यावर त्याची नडगी सायलेन्सरच्या मागच्या टोकाला चिकटली. तिथे ना पट्टी होती, ना पाणी पोचलं होतं. भोंग्याने ढकलायचं सोडून पाय धरला.

"लागलं का हो?" तिने मागे न बघताच विचारलं.

"छे, एवढंसं..." तो म्हणाला आणि नडगीवर फुंकर घातली. मग म्हणाला, "नाही गं. जीव जातोय."

"मी भाजले त्या दिवशी हेच म्हणायला काय झालं होतं?" असं विचारत ती उतरली आणि दुसऱ्या बाजूने गाडी ढकलू लागली.