मेबलचा मामा

कौसल्येचं पळून जाणं महाल मोहल्ल्यातल्या बायांना वीस वर्षं पुरलं. दवाखान्यातली नर्स ती, इंजिन-ड्रायव्हर हर्बर्ट साहेबाच्या भाजलेल्या हाताला पट्टी बांधता बांधता त्याच्याशी लग्नच करून बसली! लेक झाली तेव्हा नळावर एकच चर्चा : पोरगी चमच्यानं खाईल की हातानं?

मेबल दोन्हींनी खायची. केकसोबत भिवापुरी मिरचीचा ठेचा लावून खाणारी अख्ख्या रेल्वे कॉलनीत ती एकटीच. कॉलनीतल्या मेमा तिला ‘नेटिव’ म्हणत, महालातल्या बाया ‘मडम’. नावं ठेवण्यात दोन्ही पक्ष सारखेच तरबेज.

आईकडचं एकच माणूस तिच्या वाट्याला आलं, मामा वामनराव. दर भाऊबीजेला तो कॉलनीत यायचा, पण फाटकापर्यंतच. आत येऊन पाणी प्यायला धर्म आडवा. फाटकातच ओवाळून घ्यायचा आणि भाचीच्या हातात फ्रॉकाचं कापड द्यायचा, डोळ्यांत खुपेल असं भडक. मेबल तोच फ्रॉक मिरवत चर्चला जायची. ती नऊ वर्षांची असताना कौसल्या वारली. आता ओवाळायला कोणी नव्हतं, तरी मामा कापड घेऊन येतच राहिला.

अडुसष्ट साली मेबलचं लग्न ठरलं, रेल्वेतल्याच एका गार्डाशी. हर्बर्ट साहेब आदल्या वर्षीच गेले होते. चर्चमध्ये नवरीला बापानं हात धरून न्यायचं असतं.

“मग तुझा हात कोण धरणार?” होणाऱ्या नवऱ्यानं विचारलं.

“मामा. आई सांगायची, त्यांच्यात नवरीला मामाच घेऊन येतो.”

सोनेरी काठाचं कार्ड तिनं स्वतः पोस्टात टाकलं. खाली मराठीत लिहिलं : मामा, मला तुम्हीच न्यायचं.

लग्नाच्या दिवशी ती चर्चच्या दारात पाऊण तास उभी राहिली. पाद्री दोनदा घड्याळ दाखवून गेला. शेवटी ती एकटीच आत चालत गेली, आणि बाकांवरच्या मेमांना वर्षभराचा मसाला मिळाला. त्या भाऊबीजेला मामा आला नाही. मेबलही महालाकडे फिरकली नाही. असा रुसवा बारा वर्षं चालला.

वामनराव गेल्याचं कळलं तेव्हा मात्र तिच्यानं राहवलं नाही. मामी, सिंधूताई, ओट्यावर बसली होती.

“आता आली वं? तवा काहून नाही आली त्याइले न्याले?”

“मी त कार्ड पाठवलं होतं, मामी.”

“कार्ड त पोस्टमन साऱ्याइलेच देते, पोरी. मानाच्या माणसाले घ्याले घरचं कोणी येत असते. सकाळपासून फेटा बांधून इथंच बसले होते. मी म्हटलं, रिक्षा करून जा ना. त म्हने, बिनबोलावता मामा आला त पोरगी हलकी पडन. पाठवन ते कोणाले तरी न्याले. दिवस बुडाला तवा फेटा सोडला.”

आईनं मेबलला अर्धीच रीत सांगितली होती. उरलेली सांगायला आई राहिली नव्हती.

“मी दारातच उभी होती मामी. त्याइचीच वाट पाहत.”

सिंधूताईनं तिला जवळ ओढलं. दोघी रडल्या, समोरच्या खिडकीतल्या बाया पाहत होत्या तरी. चर्च काही विलायतेत नव्हतं. त्या ओट्यापासून सायकलरिक्षानं वीस मिनिटं.