गोड करून आणलेला अँप

इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करणाऱ्या त्या बाईला सगळे ‘करवत’ म्हणत. नाव तिच्या जिभेवरून पडलं की गिटारवरून, यावर दुमत होतं; तिला दोन्ही मान्य होतं. शनिवारी संध्याकाळी गावच्या हॉलमध्ये लोकांपुढं अख्खं घरच वाजवायला बसायचं. नवरा ड्रमवर, धाकटा दीर गायला, आणि ती गिटार घेऊन. मागं तिचा जुना ट्यूबवाला अँप, गिटारचा आवाज मोठा करणारा खोका. त्यातल्या काचेच्या नळ्या तापल्या की तो आधी गुणगुणायचा आणि तिनं तार छेडली की पत्रा कापल्यासारखा ओरडायचा.

दिराला ते खुपायचं. “वहिनी, आतला माल बदलून घ्या. भारीतले कपॅसिटर, नवा स्पीकर. आवाज कसा लोण्यासारखा होईल.”

“लोणी खायला बरं, भावजी. ऐकायला कशाला?”

दिरानं तेवढ्यापुरता विषय सोडला. पण ती बहिणीकडे राहायला गेली, तशी त्यानं अँप उचलून मिस्त्रीकडे नेऊन टाकला. ती परतली तेव्हा आतलं सगळं नवंकोरं, आणि दीर भेट दिल्याच्या ऐटीत उभा. नवऱ्यालाही ठाऊक असणार; तो खिडकीतून बाहेर बघत होता.

तिनं वाजवून पाहिलं. आवाज खरंच गोड होता. क्षणभर तिलाही आवडला, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

शनिवारी ड्रम आणि दिराचा गळा सुरू झाला, तशी तिची गिटार दिसत होती, पण ऐकू येईना. लोक येऊन दिराला सांगत होते, “आज काय आवाज लागलाय तुमचा!” तिच्याकडे कुणी फिरकलंही नाही.

तिनं रजा टाकली आणि अँप घेऊन मिस्त्रीचं दुकान गाठलं. “होतं तसं करून द्या.”

“कपॅसिटर नवेच राहू द्या, बाई,” मिस्त्री म्हणाला. “जुने सुकले होते, गुणगुण त्यांचीच होती. महागड्या कपॅसिटरनं सूर पालटतो म्हणतात, पण मला तरी फरक कळला नाही. तुमचा आवाज गेला तो स्पीकरपायी. जुना आहे कोपऱ्यात, पण फाटलाय.”

“फाटका असू दे. माझा आहे.”

घरी रण पेटलं.

“लोक कान झाकतील, वहिनी.”

“झाकू देत. झाकण्याआधी ऐकतील तरी.”

“मी तुमच्या भल्यासाठीच केलं ना?”

“माझं भलं मला विचारून करायचं, भावजी.”

नवरा मध्ये पडला. “अगं, एका स्पीकरवरून घर फोडतेस का?”

“तुझ्या ड्रममध्ये कुणी परस्पर उशी कोंबून आणली असती, तर तू काय केलं असतंस?”



पुढच्या शनिवारी दीर आलाच नाही. दोघांनी गाण्याशिवायच वाजवलं. पुढच्या रांगेतले काही नाकं मुरडत उठून गेले, बाकीचे बसून राहिले. नवरा मात्र बायकोकडे कान लावून वाजवत होता. इतकी वर्षं तो भावाच्या गाण्यामागं धावायचा. पुढं दिरानं दुसरा बँड धरला. जेवायला एकाच टेबलावर बसतात, तो अजून स्पीकरचा विषय काढतो आणि ती त्याला भाजी वाढते.

हॉलच्या व्यवस्थापकानं परवा तिला आवाज थोडा कमी करायला सांगितला. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि बटण होतं तिथंच ठेवलं.