एकवीस ळ

सुरतेत, कतारगामच्या त्या छापखान्यात देवनागरी अक्षरांचे शिशाचे खिळे होते, पण हिंदी लग्नपत्रिकांपुरते. हिंदीला ळ लागतो कुठे? खणात ळ होते फक्त एकवीस. आणि आम्ही बमरोलीच्या गिरणीतले चार-पाच खानदेशी, संतांच्या जुन्या ओव्या हातकागदावर, शंभरच प्रतींत, देखण्या छापून घ्यायला निघालेलो. पानापानाला तीस-चाळीस ळ!

पहिलं प्रूफ पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डोळ्यांचे डोले, काळाचा काल. खिळे जुळवणारे साठीचे सुरती काका होते. त्यांना मी नाही नाही ते बोललो.

"ळ खलास थई गया, तो ल मूक्या," ते शांतपणे म्हणाले; ळ संपले तिथे त्यांनी ल बसवले होते.

मग वाटही त्यांनीच काढली. अर्धं पान जुळवायचं, शंभर कागद छापायचे, खिळे सोडवून तेच ळ उरलेल्या अर्ध्या पानाला वापरायचे. तोच कागद दुसऱ्यांदा यंत्रात जायचा, पण ओळ केसभरही सरकायची नाही. अक्षर असं उमटायचं की बोट फिरवलं तरी कळावं. असा हात मी गिरणीत कुणाचा पाहिला नव्हता. मालक ऑफसेटचं यंत्र आणणार होता, दिवाळीला सगळे खिळे वितळवायला जाणार होते. काकांचं हे शेवटचं पुस्तक. "मारी चोपडीमां शुद्धिपत्रक कदी नथी आव्युं," ते सांगायचे. तेवढाच त्यांचा हट्ट.

दिवाळी आठवड्यावर आली आणि छपाई संपली. बांधणीला देण्याआधी काकांनी एका पानावर बोट ठेवलं. 'गळा'चा 'गला' झाला होता. प्रूफवर सही माझी. ओवी तोंडपाठ, त्यामुळे मी ती वाचलीच नव्हती, नुसती म्हटली होती. काकांना मराठी येत नव्हतं, म्हणून त्यांनी मूळ प्रतीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं होतं.

"राहू द्या काका," मी म्हणालो, "एवढं कोण बघतंय? लावू शुद्धिपत्र."

"भाषा तमारी छे ने, भाई?"

त्या पानाचे खिळे केव्हाच सुटले होते. काका ते पहिल्यापासून जुळवायला बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी शेजारी स्टूल ओढलं आणि पहिलीतल्या पोरासारखा एकेक अक्षर लावून त्यांना वाचून दाखवू लागलो.