सोनीला कुणी धरायचं

उत्तर सीमेवर आमची खेचरांची कंपनी होती. रस्ता संपला की पुढच्या पोस्टपर्यंत रेशन आणि अम्युनिशन त्यांच्याच पाठीवरून जायचं. पहाटे पाचला फॉल-इन. आधी जनावराला पाणी, मग आपला चहा. मी हवालदार होतो, जखमी जनावरांची मलमपट्टी माझ्याकडे. शंकर हुद्द्याने नाईक, गाव खालापूरकडचं. मी तिथल्याच जवळच्या दहिवलीचा. तिकडे घरापासून इतक्या लांब तो मला सख्ख्या भावासारखाच होता.

कंपनीचा एक रिवाज होता. जनावर वाचत नाही, त्याला त्रासातून सोडवायचं, असं ठरलं की साहेब एवढंच म्हणायचे, "अपना जानवर पकडो." मग ते सांभाळणाऱ्या जवानानेच शेवटपर्यंत त्याचं डोकं धरायचं. कड्यावरून पडलेल्या आपल्या खेचराला शंकरने तसं धरलेलं मी पाहिलं आहे.

पेन्शनीत आल्यावर शंकरने वरातीसाठी घोडी घेतली, सोनी. गेल्या उन्हाळ्यात गटाराच्या फुटक्या झाकणात तिचा पुढचा पाय अडकला. शंकरचा फोन आला, तसा मी गेलो. नळीचे तुकडे झाले होते, हाड कातडीबाहेर आलं होतं. सोनी अंगणात घामाने निथळत पडली होती.

"प्लास्टर बसंल का रं?" शंकरने विचारलं.

"नाय. घोडं म्हयनाभर पडून ऱ्हात नाय, सडून मरंल. आजच सोडवू."

तो बराच वेळ तिच्या मानेवरून हात फिरवत राहिला. "बरं. मीच धरतो तिला. तू जनावरांच्या डाक्टरबाईंना घेऊन ये."

मी मोटारसायकलवर खालापूर गाठलं आणि डॉक्टरबाईंना घेऊन चारला परतलो. अंगण सारवलेलं होतं. सोनी नव्हती. शंकर स्टुलावर उभा राहून मांडवाला पताका बांधत होता.

"घोडी कुटं हाय?"

"टेंपोतनं वड्याकडं पाठवली." तो स्टुलावरून उतरला नाही. "उद्या पोरीची हळद हाय. दारात जनावर मेलं तर पावणे काय म्हनतील?"

"जित्ती टाकलीस?"

"मरनारच व्हती ना रं."

मी हात उचलला नाही, इतकंच. ज्याच्या भरवशावर कड्यावरच्या वाटांनी रात्रीबेरात्री चाललो, तो मला खालापूरला पिटाळून मोकळा झाला होता. राग तर आलाच, पण फसवलो गेल्याचं जास्त लागलं. ते अजून गेलेलं नाही.

सोनी ओढ्याकाठी दगडांत पडली होती. वर ऊन, जखमेवर माश्या, मोडका पाय अंगाखाली दुमडलेला. जिवंत होती. डॉक्टरबाईंनी सुई भरली. मी खाली बसून तिचं डोकं मांडीवर घेतलं.

सीमेवर आमची पुष्कळ जनावरं गेली. काही बर्फात, काही दरडीखाली. त्यांची नावं मला अजून येतात. त्यांच्यात आता सोनीचंही धरतो. ती माझ्या मांडीवर गेली, पण सुई टोचेपर्यंत तिचे कान टेंपो गेला त्या वाटेकडेच होते.