सरकारची सही

यंत्राची घरघर थांबली आणि सहाशे अंड्यांतली चिवचिव एकदम मोठी ऐकू यायला लागली. विसावा दिवस होता, पिल्लांनी आतून कवच टोचायला सुरुवात केली होती. वायरमन वीज कापून खांबावरून उतरत होता, जानेवारीचा गार वारा फुटक्या झरोक्यातून आत येत होता आणि माझे चुलतदीर करारपत्राची फ्रेम छातीशी धरून खांबाखाली उभे होते. "खाली ये गा, दराचं कलम वाचून दाखवतो तुले!"

कागदावर इतका विश्वास ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मनीषनगरच्या पुढे भाऊजींचं शेत होतं. वीज कंपनीनं त्यातून तारा नेल्या आणि त्या बदल्यात त्यांच्या अंडी उबवणी केंद्राला वीस वर्षं एकाच दरानं वीज द्यायचं लिहून दिलं. तेव्हापासून दसऱ्याला लोक हत्यारं पूजत, भाऊजी करारपत्र पूजत, आणि सोनं द्यायला आलेल्या प्रत्येकाला त्याच्यावर हळदकुंकू वाहायला लावत. मुलाच्या लग्नाच्या बैठकीत मुलीकडच्यांनी पोरगा काय करतो असं विचारलं, तर भाऊजींनी आधी करार वाचून दाखवला. चहा निवला तरी दुसरं पान चालूच. चांगला चालता जनरेटर विकला. मी म्हटलं, "काहून विकला?" तर म्हणाले, "वहिनी, करार असून जनरेटर ठेवणं म्हणजे घरी बायको असून खानावळीचा डबा लावणं हाय."

मग सरकारनं विजेवर अधिभार लावला. दर तोच राहिला, बिलात त्याच्याखाली एक नवी ओळ आली. भाऊजी दराचे पैसे वेळेवर भरत आणि त्या ओळीवर लाल पेननं 'करारात नाही' लिहून बिल परत पाठवत. रामदासपेठेतला वकील म्हणाला, "काका, करार तुमचा नि कंपनीचा. कंपनीनं दर वाढवला नाही. अधिभार सरकारनं लावला, त्याचा त्याले अधिकार हाय. सरकारनं तुमच्या कागदावर सही केली होती काय?"

दुसऱ्या दिवशी भाऊजी शाईचं पॅड घेऊन सरकारी कचेरीत हजर. "इथं सरकार कोण हाये? सही करा, नाहीतर अंगठा द्या." दुपारपर्यंत सात टेबलं फिरले. शिपायानं पाणी दिलं, सही कोणी दिली नाही. ऐकून मी पोट धरून हसले. वीज तोडण्याची नोटीस आली तेव्हा हसणं संपलं. यंत्रात अंडी भरलेली आणि जनरेटर विकलेला. मला जेवण जाईना. भाऊजी मात्र म्हणत, "कराराले कोण कापते?"

त्या सकाळी कंपनीनं कापलं. वायरमन खाली येऊन म्हणाला, "काका, अधिभार भरा, पावती दाखवा, लगेच जोडून देतो. मले बी बरं वाटून नाही राहिलं."

"करारात नाही," भाऊजी म्हणाले.

मी चौथी शिकलेली. कलम मला कळत नाही, गार पडत चाललेलं अंडं हाताला कळतं. आतून एक उचलून आणलं आणि भाऊजींच्या कानाला लावलं. पिल्लू आत ओरडत होतं. "घ्या," मी म्हटलं, "आता याले वाचून दाखवा तुमचं कलम."

ते आत गेले, ती फ्रेम फुटक्या झरोक्यात घट्ट बसवली, आणि स्कूटर काढून अधिभार भरायला गेले. वारा थांबला. मी आणि तिथं कामाला असलेली एक बाई, आम्ही ट्रेवर गोधड्या टाकल्या, खाली गरम पाण्याची भांडी ठेवली, पाणी निवलं की बदललं. वीज आली तेव्हा ऊन कललं होतं.

भाऊजींना जाऊन दोन वर्षं झाली. केंद्र बंद आहे. फ्रेम अजून झरोक्यातच आहे, अक्षरं उन्हानं उडाली. कधी तिकडे गेले तर मी ती काढत नाही.

त्या दिवशी सहाशेंतली एकशे चौदा पिल्लं जगली.